यंत्राबरोबर शेजारी उभे राहणारे माणूसही द्या : बेळगाव सीमाभागातील लॅबविषयी खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री, कर्नाटक शासन,
मा. जिल्हा आरोग्य व कुटुंब कल्याण अधिकारी, बेळगाव,
तसेच बेळगावातील वैद्यकीय महाविद्यालये व संशोधन संस्था यांच्या प्रयोगशाळा प्रमुखांस,

विषय : प्राथमिक व सामुदायिक आरोग्य केंद्रांतील प्रयोगशाळा तंत्रज्ञांसाठी प्रशिक्षणानंतरच्या नियमित, प्रत्यक्ष मार्गदर्शनाची व्यवस्था करण्याबाबत.

महोदय, महोदया,

मी निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. नोकरीची बहुतेक वर्षे खानापूर तालुक्यात गेली, शेवटची काही निपाणी भागात. रक्त, लघवी, थुंकी आणि मलेरियाच्या काचा यांच्या सोबतीत एकतीस वर्षे काढली. त्या काळात डॉक्टर बदलले, इमारती बदलल्या, एका डोळ्याने पाहायच्या सूक्ष्मदर्शकाच्या जागी दोन डोळ्यांचा आला आणि पुढे टेबलावर रक्तपेशी मोजणारे सीबीसीचे यंत्र येऊन बसले. निवृत्तीनंतर आता तालुक्यातील तरुण मुलेमुली फोन करून अडचणी विचारतात. त्या अडचणी ऐकताना जे सतत जाणवत राहिले, ते तुमच्यापुढे ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण असे की हा प्रश्न कोणा एका अधिकाऱ्याचा किंवा एका केंद्राचा नाही आणि माझी तक्रारही कोणा एका विरुद्ध नाही.

माझे म्हणणे थोडक्यात सांगते. आपल्याकडे लॅबला यंत्र मिळते आणि तंत्रज्ञाला प्रशिक्षणही मिळते. परंतु प्रशिक्षणाहून परतल्यावर त्याच्या शेजारी उभे राहून, त्याच्याच यंत्रावर, त्याच्याच विजेच्या लपंडावात आणि त्याच्याच रुग्णांच्या रांगेत काम कसे करायचे हे दाखवणारे माणूस मिळत नाही. ते माणूस द्यावे, ठरावीक दिवशी द्यावे आणि निदान दीड-दोन वर्षे द्यावे, एवढीच माझी मागणी आहे.

केंद्र सरकारच्या मोफत निदान सेवा योजनेत उपकेंद्रात १४, प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३, सामुदायिक आरोग्य केंद्रात ९७ आणि जिल्हा रुग्णालयात १३४ प्रकारच्या तपासण्या उपलब्ध असाव्यात असे ठरलेले आहे. हे उद्दिष्ट मला मनापासून मान्य आहे. ज्या बाईला हिमोग्लोबिन पाहण्यासाठी रोजगार बुडवून बेळगावला किंवा मिरजेला जावे लागत असे, तिला ते गावाजवळ फुकट मिळावे, याहून चांगले काय असणार? परंतु प्राथमिक केंद्रातील ६३ तपासण्यांची यादी भिंतीवर लावणे आणि त्या ६३ तपासण्यांचे आकडे खरे असणे यांत फार अंतर आहे. न झालेली तपासणी निदान सर्वांना दिसते, आणि रुग्ण दुसरीकडे जातो. चुकलेली तपासणी मात्र शिक्का मारलेल्या कागदावर सुवाच्य अक्षरात छापून येते, डॉक्टर तिच्यावर विश्वास ठेवून औषध लिहितात आणि ती चुकली होती हे बहुधा कोणालाच कधी कळत नाही.

माझ्याच हातून झालेली एक चूक सांगते. यंत्र नवीन होते. कंपनीच्या माणसाने अर्धा दिवस बसून बटणे दाखवली होती आणि मलाही ती पाठ झाली होती. एका पावसाळी सकाळी जंगलभागातून आलेल्या गरोदर बाईचे रक्त मी जांभळ्या टोपणाच्या, रक्त गोठू न देणारे रसायन असलेल्या ट्यूबमध्ये घेतले. त्या दिवशी गर्दी होती, वीज गेली, जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला आणि ट्यूब स्टँडमध्ये उभीच राहिली. वीज आल्यावर मी ती तशीच यंत्राला लावली. उभ्या ट्यूबमध्ये रक्तपेशी खाली बसतात. यंत्राच्या सुईने तळाचे दाट रक्त ओढले आणि हिमोग्लोबिन दहाच्या वर दाखवले. ट्यूब आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटी-सुलटी करायची, हा नियम मला माहीत नव्हता असे नाही. परीक्षेत मी तो लिहिलाही होता. मात्र गर्दीच्या सकाळी हाताला ती सवय नव्हती, आणि ती लावणारे कोणी शेजारी नव्हते. बाळंतपणाच्या वेळी दुसरीकडे तिचे हिमोग्लोबिन सहाच्या आसपास निघाले, धावपळ करून रक्त चढवावे लागले. ती वाचली आणि तिचे बाळही वाचले, परंतु हिमोग्लोबिन चांगले आहे असा कागद मी तिच्या हातात दिला होता, ही गोष्ट मला आजही विसरता येत नाही.

लॅबच्या बहुतांश चुका अशाच, नमुना यंत्रात जाण्याआधी होतात. रक्तातील साखरेचेच पाहा. काढलेले रक्त साध्या ट्यूबमध्ये, यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या न करता, खोलीच्या तापमानाला ठेवले, तर त्यातील पेशी साखर खात राहतात आणि दर तासाला ती साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. आमच्या भागात सकाळी नऊला आडवळणाच्या गावी घेतलेला नमुना एसटीने किंवा कोणाच्या तरी दुचाकीवरून तालुक्याला पोहोचायला दुपारचा एक वाजणे नवलाचे नाही. उपाशीपोटी १४० असलेली साखर अशा प्रवासात ११० च्या आसपास येऊन थांबू शकते. मधुमेहाची रेषा १२६ वर आहे. म्हणजे ज्याला आज मधुमेह सांगायला हवा होता, तो माणूस ‘थोडे गोड कमी खा’ एवढा सल्ला घेऊन घरी जातो आणि चार वर्षांनी पायाची जखम घेऊन परत येतो. पेशींचे साखर खाणे रोखणाऱ्या फ्लोराइडची करड्या टोपणाची ट्यूब वापरणे, नमुना शक्य तितक्या लवकर थंड ठेवून पुढे पाठवणे किंवा फिरवून प्लाझ्मा वेगळा करणे आणि चिठ्ठीवर रक्त काढल्याची वेळ लिहिणे, एवढ्याने हे बरेचसे टळते. यासाठी नवे यंत्र लागत नाही. जांभळ्या ट्यूबमधले रक्त जास्त झाले म्हणून दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतले, तर तिच्यातल्या रसायनामुळे पोटॅशियम खोटे वाढते आणि कॅल्शियम खोटे उतरते, हे कोणी एकदा त्याच टेबलावर दोन ट्यूब घेऊन करून दाखवले तर ती मुलगी ते जन्मभर विसरणार नाही. सभागृहातल्या पडद्यावर पाहिलेले मात्र ती परतीच्या बसमध्येच विसरते.

ही अडचण फक्त आपली नाही. आफ्रिकेतील देश पंधरा-वीस वर्षांपूर्वी नेमक्या याच ठिकाणी अडकले होते. एचआयव्ही, क्षय आणि मलेरियासाठी पैसा येत होता, यंत्रे येत होती, पण लॅबचा पाया कच्चा होता. २००८ च्या जानेवारीत मोझांबिकची राजधानी मापुतो येथे प्रयोगशाळा व्यवस्था बळकट करण्याविषयी जाहीरनामा निघाला. २००९ मध्ये रवांडातील किगाली येथे ‘स्लिम्टा’ या नावाने ओळखला जाणारा लॅब व्यवस्थापनाचा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्याची रचना मला फार समजूतदार वाटते. एकच मोठी कार्यशाळा घेऊन प्रमाणपत्र द्यायचे नाही. कार्यशाळा तीन, वर्ष-दीड वर्षात विभागलेल्या. आणि दोन कार्यशाळांच्या मधल्या महिन्यांत प्रत्येकाने आपल्या लॅबमध्ये परत जाऊन एखादी ठरावीक सुधारणा प्रत्यक्ष करायची, तेथे मार्गदर्शकाने भेट द्यायची, अडले ते सोडवायचे. सुरुवातीला आणि शेवटी एकाच तपासयादीने लॅबला गुण द्यायचे. ५५ टक्क्यांवर एक तारा, ९५ टक्क्यांवर पाच तारे. २०१३ च्या अखेरपर्यंत ४७ देशांतील ६१७ लॅब या वाटेवर आल्या होत्या. त्यांपैकी शेवटची तपासणी पूर्ण झालेल्या ३०२ लॅबचे सरासरी गुण ३९ टक्क्यांवरून ६४ टक्क्यांवर गेले होते. सरासरी लॅब शून्य ताऱ्यांवरून एका ताऱ्यावर आली, एवढेच या आकड्यांतून दिसते, आणि कोणाला ते थोडे वाटेल. मी टेबलावर काम केलेली बाई आहे, म्हणून मला ते फार मोठे वाटते. एका ताऱ्याच्या लॅबमध्ये फ्रिजचे तापमान रोज लिहिले जाते, मुदत संपलेले रसायन बाजूला काढले जाते आणि कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेला नमुना) न चालवता रुग्णाचा रिपोर्ट दिला जात नाही.

आफ्रिकेचे उदाहरण दिले म्हणून हे परक्या भूमीतले मानू नये. आपल्या देशात, आपल्याच खात्यात, एका तपासणीपुरती ही पद्धत आहे, आणि माझ्या घडणीचे सारे श्रेय मी तिलाच देते. १९९७ पासून राबवलेल्या सुधारित क्षयरोग कार्यक्रमात थुंकीच्या तपासणीसाठी वरिष्ठ क्षयरोग प्रयोगशाळा पर्यवेक्षक हे पद निर्माण झाले. त्याने आपल्या भागातील सूक्ष्मदर्शक केंद्रांना महिन्यातून भेट द्यायची, रंग, सूक्ष्मदर्शक आणि नोंदवही पाहायची, काचा पुन्हा तपासायच्या. याशिवाय कोणाची काच कोणाकडे गेली हे न सांगता निवडक काचांची फेरतपासणी होते, माहीत असलेल्या काचा देऊन तंत्रज्ञाची परीक्षा घेतली जाते आणि या सर्वांच्या वर बेंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेसारख्या राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहेत. देशभर विखुरलेल्या हजारो केंद्रांतल्या थुंकीच्या काचा एकाच मापाने वाचल्या जाव्यात, हे या मांडणीमुळे शक्य झाले.

माझ्या सुरुवातीच्या काळात आमच्याकडे असे एक ज्येष्ठ येत. ते कन्नडभाषक, मी मराठी. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणत असू. ते आल्या आल्या नोंदवही उघडत नसत. आधी शेजारी स्टूल ओढून बसत आणि म्हणत, ‘तू रंगव, मी बघतो.’ कार्बोल फुक्सिन हा लाल रंग टाकून खालून उष्णता देताना वाफ दिसली पाहिजे, उकळी फुटता कामा नये, हे त्यांनी माझ्या हातातला दिवा स्वतः मागेपुढे करून शिकवले. आम्लाने रंग उतरवताना घाई केली तर काच लाल राहते, फार वेळ धुतले तर जंतूच धुऊन निघतो, हेही तसेच. मी निगेटिव्ह दिलेल्या पाच काचा ते निवडत, आणि भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या भागाला एक क्षेत्र धरून शंभर क्षेत्रे पूर्ण मोजत. एकदा त्यांना त्यांतल्या एका काचेत शंभर क्षेत्रांत चार जंतू सापडले. त्यांनी मला बोलावून भिंगातून ते दाखवले, रुग्णाला त्याच दिवशी निरोप पाठवायला लावला आणि जाताना पुढच्या भेटीची तारीख सांगितली. त्यांनी वर कोणाला काही लिहिले नाही. त्यानंतर मी आयुष्यात एकही काच साठ क्षेत्रांवर सोडली नाही.

आता विचार करा, की हीच व्यवस्था हिमोग्लोबिनला का नाही, साखरेला, क्रिएटिनिनला, प्लेटलेटला का नाही? डेंगीच्या दिवसांत प्लेटलेटचा आकडा पाहून माणसाला बेळगावला हलवायचे की नाही हे ठरते. ट्यूबमध्ये गुठळी झाली असेल तर यंत्र तो आकडा फार कमी दाखवते. अशा वेळी रक्ताचा थेंब काचेवर पसरून भिंगाखाली एकदा पाहणे हा साधा उपाय आहे, पण तो करण्याचे धैर्य आणि सवय तरुण तंत्रज्ञाला कोणाकडून तरी मिळावी लागते. दहा हजार प्लेटलेटचा कागद पाहून घाबरलेले नातेवाईक, गाडीभाड्यासाठी गहाण टाकलेले मंगळसूत्र आणि बेळगावला पोहोचल्यावर निघालेल्या दीड लाख प्लेटलेट, हा प्रसंग मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिला आहे.

कर्नाटकालाही हा मार्ग नवा नाही. गेल्या दशकात उत्तर कर्नाटकातील आठ जिल्ह्यांत झालेल्या ‘सुक्षेमा’ प्रकल्पात अनुभवी परिचारिकांना मार्गदर्शक नेमून त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत पाठवण्यात आले होते, जेणेकरून बाळंतपण करणाऱ्या परिचारिकांना त्यांच्याच केंद्रात, त्यांच्याच टेबलाशी शिकता यावे. बेळगाव त्या आठ जिल्ह्यांत नव्हते. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने दूरदृश्य माध्यमातून जिल्ह्यांतील डॉक्टरांना मानसिक आजारांविषयी नियमित मार्गदर्शन देण्याची पद्धतही राज्यात रुजवली आहे. म्हणजे राज्याकडे अनुभव आहे. तो लॅबच्या दारापर्यंत आणायचा आहे.

आता बेळगावकडे वळते, कारण या जिल्ह्यात जे आहे ते फार थोड्या जिल्ह्यांत असेल. १९६३ पासूनचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय येथे आहे, बीम्स हे शासकीय महाविद्यालय आहे आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्थाही आहे, जिच्या प्रयोगशाळेने २०२० मध्ये कोविडचे नमुने तपासले. या सगळ्या संस्था खानापूरपासून बसने तासाभराच्या अंतरावर आहेत. तरीही कणकुंबी, जांबोटी किंवा नंदगड परिसरात काम करणाऱ्या तंत्रज्ञाला तेथील जाणत्या माणसाला एखादा प्रश्न विचारण्याची रीतसर वाट नाही. माझी प्रयोगशाळा प्रमुखांना हात जोडून विनंती आहे की प्रत्येक संस्थेने दोन-तीन तालुके आपले मानावेत. महिन्यातून एकदा तुमचा एक अनुभवी तंत्रज्ञ तेथे जाऊ द्या, आणि तेथील एक तंत्रज्ञ वर्षातून दोन आठवडे तुमच्या लॅबमध्ये येऊ द्या. तो आला की त्याच्या जागी काम करायला बदली माणूस खात्याने द्यावा, नाहीतर प्रशिक्षणाला जायचे म्हणजे केंद्राची लॅब बंद ठेवायची असा प्रकार होतो आणि मग वैद्यकीय अधिकारी त्याला सोडतच नाहीत. त्यात त्यांचीही चूक म्हणता येत नाही.

मार्गदर्शक कोण असावा, याविषयी माझे मत ठाम आहे. तो टेबलावर काम केलेला असावा. एका माणसाकडे सहा ते आठ केंद्रांहून अधिक केंद्रे देऊ नयेत. पहिल्या सहा महिन्यांत त्याने प्रत्येक ठिकाणी सलग दोन दिवस थांबावे, कारण पहिल्या दिवशी सगळे नीटच दाखवले जाते. लॅब खरी कशी चालते ते दुसऱ्या दिवशी दुपारी दिसते. या जिल्ह्यात निवृत्त झालेले पुष्कळ चांगले तंत्रज्ञ आहेत, त्यांना प्रवासखर्च आणि माफक मानधन दिले तर ते आनंदाने येतील. मी स्वतः येईन. आणखी एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहिते, की मार्गदर्शकाकडे कारवाईचा अधिकार देऊ नका. ज्याच्या अहवालावर पगारवाढ अडते, त्याच्यापुढे कोणी चूक उघड करत नाही. तपासणी करणारा अधिकारी वेगळा असू द्या. प्रत्येक लॅबमध्ये चुकांची वही असावी, तिच्यात हरवलेली, फुटलेली, चुकीच्या नावाची प्रत्येक ट्यूब लिहिली जावी आणि जिच्यात अधिक नोंदी आहेत त्या लॅबला नोटीस न देता तिथे आधी मदत पाठवली जावी.

रोजच्या कंट्रोलचे महत्त्व वरिष्ठांना पटवून द्यावे लागते, हे मला दुःखाने लिहावे लागते. कंट्रोल म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत आहे असा नमुना. तो रोज सकाळी रुग्णांच्या आधी चालवायचा आणि आलेखावर ठिपका द्यायचा. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी हा आलेख १९५० मध्ये लॅबमध्ये आणला, तो कसा वाचायचा याचे वेस्टगार्ड यांचे नियम १९८१ पासून जगभर वापरले जातात. ठिपके आठवडाभर मधल्या रेषेच्या एकाच बाजूला पडू लागले की रसायन उतरते आहे किंवा यंत्रातला दिवा मंदावतो आहे हे रुग्णाचा एकही रिपोर्ट चुकण्याआधी कळते. परंतु कंट्रोलची बाटली महाग असते, उघडल्यावर थोडेच दिवस टिकते आणि खरेदीच्या यादीत ती ‘तपासणी नसलेला खर्च’ म्हणून कापली जाते. ती कापू नका. तसेच वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची जीवरसायनासाठी आणि दिल्लीच्या एम्सची रक्तशास्त्रासाठी बाह्य गुणवत्ता पडताळणीची योजना आहे. बाहेरून आलेला अनोळखी नमुना तपासून उत्तर पाठवायचे आणि आपण इतर लॅबच्या तुलनेत कुठे आहोत हे पाहायचे. सामुदायिक आरोग्य केंद्रांची तरी वर्गणी खात्याने भरावी. मानांकनाची घाई मात्र करू नये. २०१९ पासून लॅबना मानांकन देणाऱ्या एनएबीएल या संस्थेने लहान लॅबसाठी प्रवेश पातळीची योजना आणली आहे, ती चांगली आहे, परंतु आधी सवयी लागू द्या. भिंतीवरच्या प्रमाणपत्रासाठी आठवड्यात लिहून काढलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत.

भाषेविषयी लिहिताना मला सावध राहावे लागते, कारण या भागात भाषेचा विषय निघाला की लगेच दोन बाजू तयार होतात. मी येथे फक्त रुग्णाविषयी बोलते. थुंकी मागताना ‘थुंकी द्या’ म्हटले की आमच्या बायका डबीत लाळ देतात. ‘छातीतून खोकून बेडका काढा, पहाटे उठल्यावर, चूळ भरून’ असे सांगितले की योग्य नमुना येतो. कन्नडमध्येही ‘उगुळु’ आणि ‘कफ’ यांत हाच फरक आहे. लाळेच्या डबीवर उत्तम सूक्ष्मदर्शक आणि उत्तम तंत्रज्ञ दोघेही वाया जातात. म्हणून खानापूर, निपाणी आणि बेळगाव तालुक्यांतील केंद्रांत नमुना देण्याच्या सूचना कन्नडबरोबर मराठीतही चित्रांसह लावाव्यात आणि दूरच्या जिल्ह्यांतून येथे बदली होऊन आलेल्या तंत्रज्ञांना अशी वीस-पंचवीस वाक्ये शिकवावीत. मराठी घरांतून आलेली आमची मुले कन्नडमध्ये नोंदी करतात, इंग्रजीत रिपोर्ट देतात, त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. मात्र इंग्रजी पुस्तिकेतील यंत्राच्या देखभालीची पाने त्यांना कोणीतरी सोप्या कन्नडमध्ये आणि मराठीत समजावून द्यावीत. अण्णांनी मला अर्धे कन्नड, अर्धे मराठी बोलून शिकवले आणि मला सारे समजले.

आणखी एका कारणासाठी या सीमाभागाकडे वेगळे लक्ष हवे. १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला, गोचिडीच्या चाव्याने होणारा माकडताप गेल्या दशकात आमच्या दाराशी आला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात तो आढळला. खानापूरचे रान त्या दोन्ही बाजूंच्या रानाला लागून आहे, चोर्ला घाटातून रोजची ये-जा आहे, काजूच्या हंगामात आमची माणसे पलीकडे कामाला जातात, आणि गोचिडीला राज्याची हद्द कळत नाही. या तापाची तपासणी प्राथमिक केंद्रात होणार नाही, होऊही नये. परंतु तापाच्या पहिल्या आठवड्यातच पीसीआरसाठी रक्त घेणे, हातमोजे घालून घेणे, तीन आवरणांत बांधून थंड ठेवून पाठवणे आणि चिठ्ठीवर ताप कधी आला व माणूस कोणत्या रानात गेला होता हे लिहिणे, हे सारे त्या छोट्या लॅबमधल्या माणसाच्या हातात आहे. नमुना तिथेच बिघडला तर पुढची मोठी प्रयोगशाळा काही करू शकत नाही. गोवा आणि महाराष्ट्राच्या लगतच्या तालुक्यांतील तंत्रज्ञांबरोबर या तापाच्या हंगामाआधी, म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास, एकत्र सराव घेता येईल का, याचाही विचार व्हावा.

सुरुवात लहान करावी, असे मला वाटते. खानापूर आणि निपाणी हे दोन तालुके घ्या. पहिल्या महिन्यात प्रत्येक लॅबला एकाच तपासयादीने गुण द्या आणि ते गुण झाकून न ठेवता त्या लॅबला सांगा. मग अठरा महिने मार्गदर्शक जाऊ द्या, आणि पुन्हा त्याच यादीने गुण द्या. भीमगडच्या रानातील गवळी, पास्तोली, आमगाव येथून येणारा रुग्ण कित्येक मैल चालून, पावसात तर कधी माणसांच्या खांद्यावर, केंद्रापर्यंत पोहोचतो. त्याच्या बोटातून किंवा हातातून घेतलेले रक्त आपण कसे हाताळतो, हे त्या गुणांतून दिसेल.

या पत्राला उत्तर येईल तेव्हा येवो. तोपर्यंत निदान एक आदेश लगेच निघू शकतो, त्यासाठी एक रुपयाही लागणार नाही : जिल्ह्यातील प्रत्येक लॅबच्या चिठ्ठीवर रक्त काढल्याची वेळ आणि तपासणीची वेळ, असे दोन रकाने छापून घ्यावेत, आणि छपाई होईपर्यंत त्या वेळा हाताने लिहिल्या जाव्यात.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
खानापूर तालुका, जि. बेळगाव